बिघडवायला दिलेलं लोखंड

सरकारी खर्चानं वस्तू बिघडवण्याची रीतसर सोय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. बेरीतसर सोय पुष्कळ ठिकाणी आहे, पण तो विषय वेगळा. रीतसर म्हणजे मागणीपत्रक भरायचं, भांडारपालाची सही घ्यायची, लोखंडाचा तुकडा आणायचा आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायचा. त्यानं तो वाकडातिकडा घासून शेवटी भंगारात टाकला तरी चौकशी बसत नाही, वसुली निघत नाही, उलट त्याला दुसरा तुकडा मिळतो. कागदोपत्री या जागेला औद्योगिक प्रशिक्षण संस्था म्हणतात. बाकी सगळा महाराष्ट्र आयटीआय म्हणतो.

कारागीर घडवण्याची ही योजना केंद्र सरकारनं १९५० साली सुरू केली. आज एकट्या महाराष्ट्रात चारशेच्या वर शासकीय आयटीआय आहेत. तरीही मुलगा आयटीआयला गेला हे सांगताना आईवडिलांचा आवाज जरा खाली येतो. घरातली पाण्याची मोटार बंद पडली की त्याच मुलाला हाक मारताना मात्र तो चांगला वर चढतो.

माझा या जागेशी संबंध आला तो भाच्यामुळे. तो फिटरला लागला. दोन वर्षांचा ट्रेड. सुरुवातीला घरी आला की तळहात लाल आणि चेहरा त्याहून लाल.

"काय शिकवलं रे आज?"

"घासायला."

"आणि काल?"

"मामा, घासायलाच."

मला वाटलं, पोरगं टाळतंय. नंतर कळलं, खरंच घासतात. बाकाच्या शेगड्यात तुकडा आवळायचा, कानस दोन्ही हातांनी धरायची, पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलल्यासारखी आणायची. एक बाजू सपाट झाली की तिला काटकोनात दुसरी. मग ट्राय स्क्वेअर लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. पट्टी आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा शेगडा, पुन्हा कानस. पुढे व्हर्निअर येतो, तो मिलिमीटरचा पन्नासावा भाग दाखवतो. इतकी बारीक चूक दाखवणारं दुसरं काही मी फक्त संसारातच पाहिलं आहे.

लोखंड कमी करता येतं, वाढवता येत नाही. अर्धा मिलिमीटर जास्त गेला की नवस बोलून उपयोग नाही. भाच्याचे कितीतरी तुकडे असे गेले. एकदा दोन तुकडे एकमेकांत बसवायचे होते, एकात खाच आणि दुसऱ्याला तिच्या मापाचा दात. त्याचा दात त्या खाचेत इतका सैल बसला की तुकडा हलवला की वाजायचा. तो घाबरत सरांकडे गेला. या सरांचं सरकारी पदनाम शिल्प निदेशक असं भारदस्त आहे. शिल्प निदेशकांनी ते लोखंड कानाशी नेऊन वाजवलं आणि म्हणाले, "खुळखुळा चांगला झालाय. अजून दोन-चार बिघडव, मग हात बसेल."

अजून दोन-चार बिघडव! मी बालवाडीपासून एम.ए.पर्यंत शिकलो, पण हे वाक्य मला कुठल्याही शिक्षकानं कधी म्हटलं नाही. आमच्याकडे चूक झाली की गुण जायचे, आणि गेलेले गुण कुठल्या भंगाराच्या पेटीत पडायचे ते कळायचंही नाही. आयटीआयमध्ये पेटी समोर असते. सगळ्यांची चूक तिच्यात उघड्यावर पडलेली असते आणि कुणाची कुठली ते ओळखू येत नाही. ही सोय मला फार सुसंस्कृत वाटते.

प्रत्येक ट्रेडला आपापली बिघडवण्याची सामग्री आहे. वेल्डिंगवाल्याचा रॉड आधी पत्र्याला चिकटतो, ओढून सुटत नाही, मग होल्डर हलवत त्याची झटापट चालते. वायरमन लाकडी पाटावर जिन्याचं वायरिंग करतो, म्हणजे खालून लावलेला दिवा वरून बंद करता यावा असं. पहिल्या खेपेला तो दिवा दोन्हीकडून लागत नाही, किंवा दोन्हीकडून विझत नाही. शिवणकामाच्या मुली कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या वर्तमानपत्रांवर बेतायला शिकतात. अग्रलेखातून ब्लाउजची बाही निघते. लेख लिहिणाऱ्यानं हे पाहून वाईट वाटून घेऊ नये, काहीतरी निघतं आहे यात समाधान मानावं.

आता यातली काही मुलं जर्मनीला जाणार म्हणतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला आणि जर्मन भाषा शिकवण्याची सोयही करायचं ठरवलं. भाषेची चिंता करावी तेवढी थोडी, पण फ्यूज सगळ्या भाषांत सारखाच उडतो.

आयटीआयमध्ये शिकण्याच्या काळात सरकार विद्यावेतनही देतं. ते आपल्या राज्यात वर्षानुवर्षं महिन्याला ४० रुपये होतं. चाळीस. महिन्याला दोन वडापाव, तेही चटणी जास्त न मागता. २०२३ मध्ये ते ५०० करायचा निर्णय झाला. मधल्या काळात किती वेतन आयोग येऊन गेले हे मोजायचा मोह मी आवरतो. चाळीस रुपयांत जगता येत नाही हे सरकारलाही ठाऊक असणार. पण लोखंडाचा खर्च त्यात धरलेला नव्हता, तो वेगळा होता, आणि मला विचाराल तर खरं विद्यावेतन ते लोखंडच. कंपनीत याच पोरानं महागातला जॉब बिघडवला तर पहिल्याच आठवड्यात त्याला घरी पाठवतील. ते नुकसान आधीच, स्वस्तात, सरकारी खात्यावर करून घेणं यालाच मी शाळेतून कामाकडे नेणारी योजना म्हणेन. बाकी योजनांना नावं मोठी असतात. त्या चांगल्या की वाईट हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो : यात पोरांच्या हाती बिघडवायला काय देतात?

या प्रश्नावर आमचा शाळेतला कार्यानुभव हा विषय सपशेल नापास होतो. तसं त्याचं घराणं मोठं. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. त्या शाळांतली मुलं टकळीवर सूत काढत, आणि नवख्या हातात सूत तुटतंच. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं शाळेत कार्यानुभव असावा असं सांगितलं. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचं मेणबत्ती, कागदी फूल आणि मण्यांचं तोरण झालं होतं. त्या वस्तू आदल्या रात्री घरी तयार होत. मूल नऊ वाजता झोपे, आई साडेअकरापर्यंत मणी ओवत बसे. आमच्या पिढीतल्या पुष्कळ आयांना कार्यानुभवात अ श्रेणी मिळालेली आहे. कामाशी आमची भेट झाली नाही, बिघडवण्याची संधीही गेली, आणि तोरण मात्र सुरेख झालं.

याच्या उलट कर्मवीर भाऊराव पाटलांचं. त्यांच्या वसतिगृहांत मुलं शेतात राबत, स्वयंपाक करत आणि शिकत. १९४७ मध्ये साताऱ्यात त्यांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही कमवा आणि शिका या तत्त्वावर. पोरांनी केलेल्या भाकऱ्या सगळ्याच गोल आणि खरपूस असतील असं मला वाटत नाही. करपलेली भाकरी आईकडून करून आणायची सोय नव्हती, ती सगळ्यांना खावी लागत असणार. एवढी कडक परीक्षा विद्यापीठसुद्धा घेत नाही. कमवा आणि शिका आज विद्यापीठांतून योजना म्हणून चालते. मुलं बागेला पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, तासाप्रमाणे पैसे मिळतात. पुस्तक चुकीच्या फळीवर लागलं तर ते पुन्हा सापडायला पिढी जाते. म्हणजे बिघडवायला वाव आहे.

सेवायोजन कार्यालयाबद्दल मी काय बोलावं? म्हणजे एम्प्लॉयमेंट एक्सचेंज. ते १९४५ मध्ये सुरू झालं तेव्हा महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना मुलकी कामं मिळवून द्यावीत असा त्याचा हेतू होता. सैनिक संपले, कार्यालय राहिलं. १९५९ मध्ये कायदा झाला की रिकाम्या जागा मालकांनी या कार्यालयाला कळवल्या पाहिजेत. दहावी-बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पेढे वाटणं आणि एक्सचेंजला नाव घालणं ही दोन कामं एकाच आठवड्यात उरकत. पेढे संपत. कार्ड मात्र ठरावीक मुदतीनं नूतनीकरण करत सांभाळावं लागे. मग कॉलची वाट पाहायची. आमच्या आळीत एकाला कॉल आला तेव्हा त्याच्या मुलाचं नाव घालायची वेळ झाली होती. लोक हसले, पण त्या कार्डाला हसण्यात मला पूर्वीही मजा वाटली नाही, कारण ते लॅमिनेट केलेलं असे, आणि माणूस जी गोष्ट लॅमिनेट करतो तिच्यावर त्याचा जीव असतो. आता महास्वयम् पोर्टलवर नोंद होते. पूर्वी कार्ड हरवायचं, आता पासवर्ड हरवतो.

आयटीआय आणि नोकरी यांच्यामधल्या पुलाला शिकाऊ उमेदवारी म्हणतात. बोलताना अप्रेंटिस. त्यासाठी १९६१ चा केंद्राचा कायदा आहे आणि तो वाचायला चक्क रंजक आहे. जो मुलगा सकाळी डबा घेऊन शिफ्टला येतो, ओव्हरऑल चढवतो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन घरी जातो, तो कामगार नव्हे, असं हा कायदा १८ व्या कलमात सांगतो. तो प्रशिक्षणार्थी. ग्रीस तेवढंच लागतं. पुढे मूळ २२ व्या कलमात असं होतं की करारात लिहिलं नसेल तर मुदत संपल्यावर मालकानं नोकरी द्यायलाच हवी असं नाही, आणि उमेदवारानं ती घ्यायलाच हवी असंही नाही. यातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा लाभ कोण घेत असेल याची मला फार उत्सुकता आहे. २०१४ मध्ये हे कलम बदललं. आता प्रत्येक मालकानं आपल्या अप्रेंटिसांना नोकरीत घ्यायचं की कसं याचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. म्हणजे आधी कायदा नाही म्हणायचा, आता मालकाला विचारून सांगतो म्हणतो. त्याच दुरुस्तीनं मालकाला कैदेची भीती होती तीही काढून टाकली, दंड ठेवला. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, २०१६ पासूनच्या योजनेत केंद्र सरकार उचलतं.

हे सगळं कागदावरचं. जमिनीवर सगळं अवलंबून असतं ते मिस्त्रीवर. एसटीच्या कार्यशाळांत आणि आगारांत असे अप्रेंटिस असतात. तिथं मिस्त्रींचे मला दोन प्रकार दिसले. पहिला प्रकार गाडीखाली झोपतो आणि फक्त हात बाहेर काढतो. "बारा-तेराचा पाना." पोरगं पाना देतं. "चौदा-पंधरा." पोरगं देतं. वर्ष संपतं तेव्हा पोराला सगळे पाने तोंडपाठ असतात आणि गाडी खालून कशी दिसते ते ठाऊक नसतं. दुसरा प्रकार पोराला खाली घालतो आणि स्वतः टायरवर बसून विडी शोधत शिव्या देतो. याच्या हाताखाली नटांचे आटे जातात, एखादा बोल्ट मुळाशी तुटतो, काम लांबतं, वरून साहेब ओरडतो, आणि मिस्त्री साहेबाला सांगतो, "बोल्ट जुना होता." त्या एका वाक्यावर कितीतरी मेकॅनिक उभे राहिलेले आहेत. त्यासाठी कुठल्याही अंदाजपत्रकात तरतूद नाही.

२०२४ साल या बाबतीत सुगीचं गेलं. दिल्लीनं जुलैच्या अर्थसंकल्पात इंटर्नशिपची घोषणा केली : देशातल्या ५०० मोठ्या कंपन्या, पाच वर्षांत एक कोटी तरुण, महिन्याला ५००० रुपये. त्यातले ४५०० सरकारचे आणि ५०० कंपनीचे. कंपन्यांचा उत्साह त्या आकड्यावरून समजावा. इकडे राज्यानं मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना काढली. बारावीवाल्याला महिन्याला ६०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८०००, पदवीधराला १०,०००, मुदत सहा महिने. बहीण लाडकी झालेलीच होती, त्यामुळे लोकांनी या योजनेचं बारसं परस्पर लाडका भाऊ असं करून टाकलं.

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत या योजनेतून जो लाडका भाऊ आला ती बी.कॉम. झालेली एक मुलगी होती. तिला काय काम द्यावं हे कुणालाच सुचेना. पहिल्यांदा तिला खुर्ची दिली. मग एक सदस्य आले म्हणून ती घेतली. चहा आणायला सांगावं, तर ते काम शिपायाचं होतं आणि त्यानं ते सोडलं नाही. उरली झेरॉक्स. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू एका कागदावर कशा आणायच्या यात ती इतकी तरबेज झाली की शेजारच्या दुकानाचा धंदा बसतो की काय असं वाटलं.

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. हल्ली त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी असं झालं आहे, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणतं. ते माणूस म्हणून चांगले, रजिस्टरच्या बाबतीत संशयी. नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तिला परक्या माणसाचा हात लागलेला त्यांना चालत नाही. खाडाखोड झाली की लेखापरीक्षणाला तोंड द्यावं लागतं, आणि ते प्रशिक्षणार्थ्याला द्यावं लागत नाही. त्यामुळे बिचारी मुलगी नमुना ८ कडे लांबूनच बघायची.

मग काय झालं कोण जाणे, मला वाटतं मार्चअखेरची वसुली आली. भाऊसाहेबांनी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून बंद पडलेली एक जुनी नोंदवही काढली. मागची पानं कोरी होती. ती तिच्यापुढे टाकून म्हणाले, "ताई, आधी यात लिहा. काय खाडाखोड करायची ती यात करून घ्या."

मी तिथं घरपट्टी भरायला गेलो होतो. मला त्या शिल्प निदेशकांची आठवण झाली. भाऊसाहेबांना तसं सांगितलं असतं तर त्यांनी माझी थकबाकी तपासली असती, म्हणून गप्प बसलो.

तिनं ती पानं भरभरून बिघडवली. मग खरी वही मिळाली. त्यात तिनं वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याची पडवी खोली म्हणून लिहिली आणि त्याची घरपट्टी वाढली. आजोबा काठी आपटत ग्रामपंचायतीत आले. भाऊसाहेब बाहेर होते, नेहमीप्रमाणे बैठकीला. "माझी पडवी खोली कधी झाली ते दाखवा!" मुलगी उठली आणि त्यांच्याबरोबर वरच्या आळीला गेली. टेप लावून पडवी मोजली, आजीच्या हातचा चहा घेतला, आणि भाऊसाहेब आल्यावर त्यांच्यासमोर लाल शाईनं दुरुस्ती करून त्यांची सही घेतली. भाऊसाहेब सही करताना पुटपुटले, "जुनं मोजमापच चुकीचं असणार." मी ते ऐकलं. बोल्ट जुना होता.

त्यानंतर गाव तिलाच विचारू लागलं. नळपट्टीची पावती, जन्माचा दाखला, घर मुलाच्या नावावर कसं करायचं, सगळं तिला विचारून. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढली, तिचे अकरा महिने झाले आणि योजना तिच्यापुरती संपली. राज्यभरातल्या अशा मुलामुलींनी आम्हाला कायम करा म्हणून आंदोलनं केली, मुंबईत आझाद मैदानावर बसली. त्यांची मागणी कायद्यात बसते का हे मला सांगता येणार नाही. पण ज्याला अकरा महिने नुसती झेरॉक्स काढायला लावली आणि जिला पडव्या मोजता येऊ लागल्या, त्या दोघांना एकाच नमुन्याचं प्रमाणपत्र मिळतं, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. त्या प्रमाणपत्रावर एक रकाना असायला हवा होता : काय काय बिघडवलं.

ती मुलगी आता तालुक्याला एका कर सल्लागाराकडे कामाला आहे. वरच्या आळीतल्या आजोबांचा तिला अधूनमधून फोन जातो. भाऊसाहेबांचाही जातो, पण ते म्हणतात, सहज खुशाली विचारायला.

मागच्या आठवड्यात भाऊसाहेबांनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. नवा प्रशिक्षणार्थी मागायचा होता, वर पत्र लिहिलं होतं, आणि मी लिहिणारा माणूस म्हणून एकदा नजर घालावी अशी त्यांची इच्छा होती. पत्र नेटकं होतं. गावाची लोकसंख्या, कामाचा ताण, अपुरं मनुष्यबळ, सगळं जागच्या जागी. शेवटी एक ओळ होती : ग्रामपंचायत कामकाजाचा पूर्वानुभव असलेला प्रशिक्षणार्थी मिळाल्यास प्राधान्य देण्यात यावे.

मी म्हटलं, "भाऊसाहेब, प्रशिक्षणार्थ्याला पूर्वानुभव कुठून असणार?"

"तुम्ही नुसतं शुद्धलेखन बघा," भाऊसाहेब म्हणाले.